शेंग्याला मराठी येत नाही

महानंदा, परवा तुझी शोकसभा झाली आणि तीत सत्कार माझा झाला. हार तुझ्या फोटोला होता हे खरं, पण भाषणं सगळी माझ्याकडे तोंड करून झाली. शाल आणि नारळ तेवढा राहिला, तोही बहुधा प्रसंगाचं भान ठेवून. आमच्या माजी मुख्याध्यापकांनी सांगितलं की सरांनी पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांना भाषा दिली आणि वहिनी त्यांच्यामागे सावलीसारख्या उभ्या राहिल्या. पुढच्या वक्त्याने ‘अबोल समर्पण’ म्हटलं. त्याच्या पुढच्याने ‘मूक साधना’. शेवटच्याला शब्द उरले नव्हते, म्हणून तो ‘मी निःशब्द झालो आहे’ म्हणाला आणि त्यावर बराच वेळ बोलला.

कोपऱ्यावर पुतण्याने फ्लेक्स लावलाय. त्यात तुझा फोटो मध्ये, लहानसा, आणि शोकाकुल मंडळींचे भोवतीने, चांगले मोठे. नवख्या माणसाला यातलं नेमकं कोण गेलंय हे चटकन कळायचं नाही. तू पाहिला असतास तर यावर नक्की काहीतरी बोलली असतीस. मात्र ते शेंग्याला सांगितलं असतंस, कन्नडमध्ये. आणि मी “काय म्हणालीस?” विचारल्यावर म्हणाली असतीस, “काही नाही हो.”

सभेत मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना ते दुःख वाटलं. दुःख होतंच, पण मान त्याच्यामुळे खाली गेली नव्हती. मला लाज वाटत होती. तू अबोल नव्हतीस. तुला अबोल केलेलं होतं, आणि करणारा पहिल्या रांगेत, पाठ टेकायच्या खुर्चीवर बसून होता.

तू विजापूरकडची, इंडीजवळच्या खेड्यातली. घरात, रानात, देवळात सगळीकडे कन्नड. आम्ही बार्शीकडचे. जात एक, इष्टलिंग एक, पण आमच्या घरात कन्नड आजोबांबरोबरच संपलेलं. त्यात मी मराठीचा मास्तर. लग्नानंतर आईने तुला सांगितलं, “हितं मराठीत बोलायचं बाई.” मी तसं काही म्हणालो नाही. मी फक्त दुरुस्त करत गेलो. तू बोलायला लागलीस की वाक्याच्या मध्येच, आवाज न चढवता, पाहुण्यांसमोरसुद्धा, चुकलेला शब्द बरोबर करून द्यायचो. शाळेत याला मी जागरूकता म्हणत असे. तू थांबायचीस, उरलेलं वाक्य गिळायचीस आणि चहा बघायला आत जायचीस. हळूहळू तुझी वाक्यं लहान होत गेली. “आलात?” “ठेवू का?” “काही नाही हो.” एवढ्यात चुकायला जागाच नव्हती. मी लोकांना कौतुकाने सांगायचो, आमची महानंदा मोजकं बोलते.

मग शेंग्या आला. पुतण्याच्या कारखान्याचं उद्घाटन होतं, सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत. पाहुणे पुढारी यायचे होते म्हणून फीत, कात्री आणि आपण सगळे उन्हात ताटकळत होतो. पुढारी आले नाहीत, मांडवाखालून कुत्र्याचं पिल्लू आलं. भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचं. तू ते पदरात घेतलंस आणि गाडीत येऊन बसलीस. मी म्हटलं, घरात कुत्रं नको. तू त्या पिल्लाशी काहीतरी बोललीस, माझ्याशी नाही. त्या दिवसापासून घरात कन्नड परत आलं. सकाळी मागच्या दारी, दुपारी स्वयंपाकघरात, संध्याकाळी गच्चीवर तुझं त्याच्याशी अखंड चालायचं. कधी रागावणं, कधी लाड, कधी कुणाची तरी चुगली असावी असा सूर. मी पेपरआडून ऐकायचो आणि मला त्यातलं ‘बारो’ म्हणजे ये आणि ‘उण्णो’ म्हणजे जेव, एवढंच कळायचं. मी कधी त्याला “शेंग्या, बाजूला हो” म्हटलं की तो ढिम्म. तू म्हणायचीस, “त्याला मराठी येत नाही की.” तो तुझा विनोद होता, आणि मी तो विनोद म्हणून ऐकलासुद्धा नाही.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून लेकीने, विद्याने, पुण्याहून आपलं चिक्कमगळूरचं ठरवून टाकलं. गेल्या हिवाळ्यात. डोंगरातलं शहर, थंडी, कॉफीचे मळे, कुत्र्याला चालवून घेणारं एक घरगुती मुक्कामाचं ठिकाण. मी म्हटलं, शेंग्याला शेजारी ठेवू. तू म्हणालीस, “तो नसंल तर मी पण येत नाही. तुम्ही या जाऊन, फोटो काढा एकट्याचे.” तुझ्याकडून इतकं लांब वाक्य मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. दुरुस्त करायचंही सुचलं नाही.

विजापूर मागे पडलं आणि तू सुटलीस. त्याला दुसरा शब्द नाही. चहाच्या टपरीवर उतरलीस ती पंधरा माणसांत बसल्यासारखी बोलायला लागलीस. टपरीवाल्या बाईने तुझं गाव विचारलं, तू तिचं विचारलंस, तिने शेंग्याला खारी दिली, तू तिला आपली शेंगाचटणी दिलीस. मी कपातला चहा संपवून गाडीशी उभा. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर देता आलं नसतं. प्रवासभर वाटेवरच्या पाट्या मला वाचता येत नव्हत्या आणि तू एकेक वाचून शेंग्याला सांगत होतीस.

चिक्कमगळूरला आपण ज्यांच्याकडे उतरलो त्या बाईंना तुझं कन्नड ऐकून हसू फुटलं. तिकडचं मऊ, तुझं रानातलं. त्या सारखं ‘जवारी, जवारी’ म्हणत होत्या. जवारी म्हणजे गावठी, हे मला कळत होतं, आणि तुझ्या वतीने मला अपमानही वाटला. तुला वाटला नाही. तू तेच शब्द आणखी ताणून, आणखी खेडवळ करून बोललीस, आणि त्या बाई चुलीपुढे हसून हसून वाकल्या. तू स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाय हलवत बसली होतीस. आपल्या घरच्या ओट्यावर तू कधी बसली नाहीस. मी दारात उभा राहून विचारलं, “काय चाललंय?”

“काही नाही हो,” तू म्हणालीस, आणि दोघी पुन्हा हसलात.

मी खोलीत जाऊन पुस्तक उघडलं. भिंतीपलीकडे एक बाई मोठ्याने बोलत होती, नकला करत होती, गोष्ट रंगवून सांगत होती. ती बायको माझी होती आणि माझी तिच्याशी ओळख नव्हती. हे मला तेव्हाच कळलं असं लिहिलं तर छान दिसेल. खरं म्हणजे तेव्हा मला फक्त राग आला होता, की जेवण कुणी वाढत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण शहराच्या वरच्या डोंगरावर गेलो. धुकं इतकं की कठड्यापलीकडे काही नाही, दुधासारखं पांढरं सगळं. शेंग्याची दोरी माझ्या हातात होती. तू म्हणाली होतीस, मी धरते. मी म्हटलं, तुला ओढून पाडेल.

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला, “सर! सोलापूरचे सर ना तुम्ही?”

माझा जुना विद्यार्थी. आता मोठा अधिकारी, काळा चष्मा, बायको, दोन मुलं. “ओळखलंत का सर? तिसऱ्या बाकावर बसायचो.” मी ओळखलं नाही आणि ओळखलं म्हणालो. तो पाया पडायला वाकला. आयुष्यभर मी या असल्या गोष्टींची टिंगल केली. शाली घडी घालून कपाटात ठेवताना तुला सांगायचो की या शालींच्या ढिगातून माणूस बाहेर काढणं अवघड आहे. आणि तिथे, त्या डोंगरावर, तो वाकला तसा मी आशीर्वाद द्यायला हात वर केला. दोन्ही हात.

दोरी सुटली. त्याच वेळी खालच्या वळणावर कुणाच्या तरी मोटरसायकलचा फाटका आवाज झाला आणि शेंग्या घाबरून धुक्यात शिरला. क्षणात दिसेनासा झाला.

तू हात तोंडाशी नेलास आणि हाक मारलीस. “शेंग्याऽऽ! बारोऽऽऽ!” तसली हाक मी कधी ऐकली नव्हती. एका रानातून दुसऱ्या रानात पोचायची हाक. त्या अधिकाऱ्याची मुलं फिसकन हसली. त्याच्या बायकोने वळून तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आणि मी म्हणालो, “महानंदा, हळू. लोक बघतायत.”

तू हात खाली घेतलास.

एवढंच असतं तरी मी स्वतःशी काही सारवासारव केली असती. पण त्यानंतरही मी हललो नाही. तो विद्यार्थी बायकोला सांगत होता, “आज आम्ही जे काही आहोत ना, ते सरांमुळे,” आणि मी ते वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबलो. मला ते ऐकायचं होतं. एका बाजूला दरी, धुक्यात आपलं कुत्रं, शेजारी तू ओठ मिटून उभी, आणि मी एका वाक्याच्या शेवटासाठी थांबलो. मग सभ्य आवाजात हाका मारल्या. “शेंग्या, इकडे ये बघू. शेंग्या, ये.” हजेरी घेतल्यासारख्या. कुठून तरी दूरवर तो केकाटला, आणि आवाज कुठून आला तेही कळेना.

मग तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. पदर खोचलास, कठड्याला वळसा घालून दगडांवर गेलीस आणि ओरडलीस. पुन्हा, पुन्हा, घसा फाटेपर्यंत. तो आला. पोटापर्यंत चिखल, एक पाय उचललेला, आणि सरळ तुझ्या मांडीत. तू ओल्या दगडावर बसून त्याला रागावत होतीस आणि रडत होतीस. त्या अधिकाऱ्याने आपला मोबाइल पुढे केला. “सर, एक फोटो?” मी फोटोत उभा राहिलो. तू नव्हतीस.

परतीच्या वाटेवर चित्रदुर्ग मागे पडलं. मग शेंग्याचा पाय चोळत म्हणालीस, “मी तुमचं ऐकलं.”

“काय?”

“लेकरू दरीकडं पळालंय, आणि तुम्ही हळू म्हणालात म्हणून मी ऐकलं. गप्प उभारले. माझंच मला लाज वाटायलंय.”

तू माझ्यावर रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं. तू स्वतःवर रागावली होतीस. आणि मी काय केलं? मी मुद्दा मांडला. म्हटलं, मी ‘हळू’ म्हणालो, ‘गप्प बस’ म्हणालो नव्हतो. दोन्हींत फरक आहे.

तू काचेबाहेर बघत म्हणालीस, “घरी गेल्यावर बोलू.”

घरी गेल्यावर कपडे धुवायचे होते, शेंग्याच्या पायाला पट्टी बांधायची होती, संक्रांत आली, गडबड झाली. मला वाटलं, विषय मिटला. तू आणखीन मोजकं बोलायला लागलीस, आणि मी त्यालाही शांतता समजलो. मग फाल्गुनात तू गेलीस. इतक्या पटकन की ‘घरी गेल्यावर’ हा शब्द तसाच राहिला. तू त्या दिवशी काय बोलणार होतीस ते मला माहीत नाही. अंदाज करता येतो, पण तो अंदाज माझ्या मराठीत असतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवत नाही.

शिवगणाराधनेचं उत्तरकार्य आटोपलं, पाहुणे गेले, आणि घरात मी आणि शेंग्या उरलो. तो खाईना. दूध-भाकरी ठेवली की हुंगायचा आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन पडायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट दाबलं, दात पाहिले, म्हणाले, “आजार काही नाही. घरात याच्याशी बोलतं का कुणी?” मी म्हटलं, बोलतो की. खोटं नव्हतं ते. मी त्याच्याशी अगदी शुद्ध बोलत होतो.

विद्या फोनवर म्हणाली, “बाबा, मी त्याला पुण्याला आणते. तुमच्याच्यानं व्हायचं नाही.”

“तो आईचा आहे,” मी म्हटलं. “इथेच राहील.”

“आईचा आहे म्हणूनच म्हणतेय,” ती म्हणाली.

त्या दिवशी मी ताटली घेऊन त्याच्यापुढे खाली बसलो आणि तुझे दोन शब्द म्हणून पाहिले. “बारो, शेंग्या. उण्णो.” त्याने कान टवकारले. उठला. शेपूट हलली. माझ्या अंगावरून पुढे, थेट स्वयंपाकघरात गेला, ओट्याखाली, दाराआड, मागच्या अंगणात बघून आला. मग परत येऊन माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून निजला. तुझी खोटी सही करताना कुणी पकडला जावा तसा मी ताटली हातात घेऊन बसून राहिलो. पुन्हा ते शब्द उच्चारले नाहीत.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याला गाडीत घातलं आणि तुझ्या गावी गिरिजाकडे नेलं. तुझ्या धाकट्या बहिणीकडे मी एकटा याआधी कधी गेलो नव्हतो. तुला सोडायला यायचो तेव्हाही गाडीतून फारसा उतरत नसे. ती अंगणात ज्वारी निवडत होती. मला बघून दचकली, मग शेंग्याकडे पाहिलं, त्याच्या बरगड्या दिसत होत्या. ती तिथेच जमिनीवर बसली, भाकरी ताकात कुस्करली आणि तुझ्यासारख्याच आवाजात त्याच्याशी बोलायला लागली. सारखाच म्हणत नाही, जरा जाड. तो तिच्याकडे बघत राहिला. अंगणभर फिरला, तुला शोधलं, नाही सापडलीस. ती बोलतच होती. शेवटी आला आणि ताटलीत तोंड घातलं. मी दुसरीकडे बघितलं. कुत्रं खाताना बघणं एवढं कठीण असेल असं मला वाटलं नव्हतं.

“आक्का तुमची लई नक्कल करायची, दाजी,” गिरिजा म्हणाली. “सांगू नये खरं.”

“सांग की.”

तिने नसलेला चष्मा नाकावर खाली घेतला, मान किंचित वाकडी केली, एक बोट वर केलं आणि अत्यंत सौम्य आवाजात म्हणाली, “असं नाही. असं म्हणायचं.” अंगणातल्या बायका खो खो हसल्या. शेजारची म्हातारी तर भिंतीला टेकली. मीसुद्धा हसलो. नक्कल हुबेहूब होती. म्हणजे तू माहेरी येऊन मला दरवर्षी या अंगणात उभा करायचीस, सगळा गाव मला ओळखत होता, आणि मी समजत होतो की तू विश्रांतीला जातेस.

मी म्हटलं, “आणखी सांग. लहानपणी कशी होती ती?”

गिरिजा अडखळली. दोन-तीनदा सुरुवात केली, थांबली. “मराठीत नाही सांगता येत, दाजी. आक्का मला मराठीत आठवतच नाही.”

“कन्नडमध्ये सांग मग.”

“तुम्हाला कळायचं नाही.”

“नाही कळलं तर नाही कळलं.”

ती सांगत गेली. दुपार सगळी. मला मधूनच काही हाती लागायचं. शाळा. विहीर. आईचं नाव. एकदा माझं नाव आलं आणि बायकांनी माझ्याकडे बघितलं. एकदा गिरिजा रडली, तेव्हा गोष्ट कुठली होती कोण जाणे. मी काहीही विचारलं नाही. शेंग्या तिच्या पायाशी पडून ऐकत होता आणि त्याला बहुधा सगळं कळत होतं.

ऊन उतरल्यावर मी निघालो. त्याला परत न्यायचं असं ठरवूनच मी आलो होतो, महानंदा. तिच्या हातून चार घास पोटात गेले की परत घरी. तुझं म्हणून घरात एवढंच जितंजागतं उरलंय. विद्याला मी ‘नाही’ म्हटलं ते त्याच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. मी गाडीचं दार उघडलं तसा तो आपसूक धावत आला. गाडी म्हटलं की त्याला तू आठवत असणार. दाराशी बसला, माझ्याकडे तोंड वर करून. मागून गिरिजाने आतूनच, काम करता करता, त्याला सहज काहीतरी म्हटलं. तो तिकडे वळला. परत माझ्याकडे पाहिलं.

मी बोललो असतो तर तो बहुधा आला असता. मला काय म्हणायचं तेही येत होतं. एकच शब्द.

मी गप्प बसलो. तो थोडा वेळ थांबला, मग उठला आणि अंगणात गेला, आवाज आला त्या बाजूला. त्याने मागे वळून बघू नये म्हणून मी गाडीत बसलो आणि आतूनच दार अगदी हळू लावून घेतलं.